गळाभेट

—नाय, तिथं नका बसू, तिथं ऊन येतं. इकडं बसा, खांबाजवळ, पाठ टेकून. टेकायची नाय? राहू द्या मंग, ताठच बसा. तुमी ताठ माणूस, ते आख्ख्या सापगावानं बगितलंय तुमच्याच मांडवात. रागावू नका, मी मनातलं मनात ठेवणारा माणूस नाय, पोटात एक आणि ओठात एक हे आपल्याला जमत नाय. टोकावड्याहून निघायचं, मुरबाडला एसटी बदलायची, शहापूरला बदलायची, आणि तिथून सापगाव — तेबी चैताच्या उन्हात — तुमाला त्रास झाला, दिसतंय मला. पण निरोप धाडला तो उगाच नाय धाडला. तुमाला व्याही म्हणायचं का नुसतं गोमाशेट म्हणायचं, हे आज ठरवायचं. माझा साईनाथ, तुमची अक्षदा — पोरांचं काय, पोरं एकमेकांना बगून खूश हायेत, साखरपुडा झाला की पोरांना सगळं जगच गोड लागतं. पण सोयरीक दोन घरांची असते. पाणी घ्या. चहा नंतर. सकू, चहा ठेवू नको गो इतक्यात — आमची बायको अशी, ओटीवर कोणाची चप्पल दिसली की आधण ठेवते. मी आधी इचारतो, मंग देतो. लोक म्हणतात काळूराम संशयी हाय. संशयी नाय मी, चौकस हाय. संशयी माणूस मागनं बोलतो, मी तोंडावर इचारतो.

मंग इचारू? पयली गोष्ट टोपीची. साखरपुड्याला आमचा लडकूदादा तुमाला टोपी घालायला उठला. माझा थोरला भाऊ तो, आमच्या घरात त्याच्या शब्दाबाहेर कोण जात नाय. गुडघे गेलेत त्याचे, तरी दोघांचे हात धरून उठला. टोपी-टॉवेल घेऊन तुमच्या समोर उभा. आता टोपी घालून घ्यायची म्हंजे माणूस काय करतो? थोडा वाकतो. आमदार असला तरी वाकतो. तुमी नाय वाकलात. तुमी उंच, दादा बुटका — तो चवड्यांवर उभा राहिला, हात वर केले, आणि तुमी आपले समोर नजर लावून, जसं काय कोणी फोटो काढतोय. टोपी बसली कानावर. मागं पोरं हसली. मी म्हटलं जाऊ दे, गडबडीत होतं असं. मंग दादा तुमच्या डाव्या अंगाला बसला आणि लगनाच्या तारखेचं बोलायला लागला — वैशाखातली कुठली धरायची, भटजी काय म्हणतो, मांडव केवढा — एवढं बोलला, आणि तुमी त्याच्याकडं बगितलं नाय. एकदा बगितलंत, ते कसं? आख्खं अंग वळवून, कमरेपासून, पाटावरचा माणूस पाटासकट फिरावा तसं. आणि लगेच पुन्हा समोर. होय नाय, नाय नाय. मान हलवायची तरी माणसानं. दादा घरी आला तो नीट जेवला नाय. मला म्हणाला, काळू, मी त्या माणसाच्या डाव्या बाजूला बसलो होतो का मेलो होतो?

आणि मंग गळाभेट. तिचं काय सांगू. व्याह्या-व्याह्यांची गळाभेट म्हंजे साखरपुड्याचा जीव, बायका तिचीच वाट बगतात, ताशेवाला तिच्यासाठीच जोर राखून ठेवतो. मी हात पसरून पुढं आलो, आणि तुमी काय केलंत? माझ्या छातीला हात लावलात. असा, पंजा उघडून. एसटीत अंगावर पडणाऱ्या माणसाला लावतात तसा. आख्खा मांडव बगत होता, गोमाशेट. मी हसण्यावारी नेलं — लाजले आमचे व्याही, असं म्हटलं — आणि ओढलंच तुमाला. कवेत घेतलं आणि उचललं. आमच्याकडं पद्धतच हाय, व्याह्याला उचलल्याशिवाय भेट झाली असं कोण म्हणत नाय. उचललं, हलवलं, पुन्हा उचललं. लोकं हसली, ताशा कडाडला. खाली ठेवलं तर तुमच्या डोळ्यांत पाणी. बायका म्हणाल्या, पोरीच्या मायेनं भरून आलं बापाला. तेवढ्यापुरतं मलाबी बरं वाटलं. पण परत येताना टेम्पोत सगळ्यांच्या तोंडी एकच, गोमाशेटला गर्व झालाय, सापगावची टोपी त्याला जड झाली. माझी बहीण गुणाबाई, ती म्हणाली, जो माणूस साखरपुड्याला मान वाकवत नाय तो लगनात जावयाचे पाय काय धुणार? —काय म्हणताय? थांबा, थांबा, आधी माझं होऊ द्या, मंग तुमी बोला. माझा धागा तुटतो.

कारण नुसता गर्व असता तर मी सोडून दिलं असतं. गर्व कोणाला नाय? पण मी चौकस. मी इचार केला, गर्विष्ठ माणूस उठता-बसता डोळे असे बारीक करत नाय. गर्विष्ठ माणूस पाण्याचा पेला दोन हातांनी धरत नाय — आता तुमी धरलाय तसा. बगा, पाणी हलतंय. डाव्या हातात जोर नाय का? आणि हा मफलर. चैतात मफलर. त्या दिवशी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला होतात, मी म्हटलं मुलीचा बाप हाय, उन्हात धावपळ, घाम पुसायला असंल. पण गळाभेटीत माझ्या गालाला लागलं, टॉवेलाच्या आत कायतरी होतं. जाड, टणक. मी घरी येऊन सकूला सांगितलं. सकू म्हणाली, गाठ असंल मानेला. गुणाबाई म्हणाली, गाठ नाय, लकव्याची सुरुवात हाय, आणि ते रक्तातनं येतं, बापाकडनं पोरीला आणि पोरीकडनं तिच्या पोरांना. आता तुमीच सांगा, ही गोष्ट कानावर आल्यावर कोणता बाप गप बसेल? मला अक्षदाबद्दल काय म्हणायचं नाय, पोरगी गुणाची हाय. पण घरात दुखणं असंल आणि लगनाआधी झाकलं असंल तर ते बरोबर नाय. कोंबडं झाकून ठेवलं म्हून उजाडायचं राहत नाय. उद्या माझ्या नातवाची मान लुळी निघाली तर मी कोणाला धरू? आमी काय झाकलं तुमच्यापासून? जमीन दाखवली. विहीर दाखवली, उन्हाळ्यात तळाला जाते तेबी सांगितलं. मागची पडवी गळते, तीसुद्धा तुमाला नेऊन दाखवली. झाकणं आमच्या रक्तातच नाय. मंग तुमी सांगा, हा मफलर कशाला? —गारठा? गोमाशेट, घाटाखालचं गाव तुमचं, तिथं गारठा पडतो ते मला माहीत हाय, पण तो पौषात पडतो. काढा. काढा तो मफलर. नाय, राहू द्या, तुमचा हात वर जात नाय, दिसतंय मला. मीच काढतो. हलू नका.

हं. हे काय, पट्टा? डॉक्टरी पट्टा हाय हा, मानेचा. जरा बाजूला करू? हळूच करतो. —गाठ नाय. गाठबीठ काय नाय, साफ हाय मान. मागनं सुजल्यासारखी वाटते. आणि वास कसला हा, मलमाचा? ओळखीचा वास हाय. कुठं आला होता मला हा वास... राहू दे, आठवेल. झालं काय पण? पडलात? भारा आला मानेवर? —अपघात? गाडीचा अपघात झाला तुमाला, आणि आमाला पत्ता नाय? थांबा हं. अपघात म्हणता आणि अंगावर ओरखडा नाय. आमच्या आळीतल्या रंगूची जीप किन्हवलीच्या रस्त्याला उलटली, त्याच्या डोक्याला टाके पडले, पुढचे दात गेले, ह्याला म्हणतात अपघात. तुमी काय केलंत? गाडीतनं उतरलात, चालत घरी गेलात, जेवलात, झोपलात. आणि मान धरली कधी? दोन रात्री गेल्यावर? हे मला पटत नाय. अपघात आज आणि दुखणं परवा, हे कुठलं उधारीचं दुखणं? एक्सरे काढला? काय निघालं? काय नाय निघालं. हाड शाबूत हाय. हाड शाबूत तर पट्टा कशाला घालायचा? बैलाचं शिंग मोडलं नसताना त्याला कोणी पट्टी बांधतं का? तुमाला फसवलं नसंल ना त्या डॉक्टरनं? का तुमी मला —

बरं. बरं, मी गप बसतो. सावकाश सांगा, डॉक्टर काय म्हणाला. मागनं टेम्पोनं ठोकलं. बरं. तुमी बसलेले, अंग सीटसकट पुढं फेकलं गेलं, आणि डोकं मागंच राहिलं. सीटला डोक्यामागं टेकायला काय नव्हतं? व्हॅनच्या जुन्या सीट, कळलं. मंग तेच डोकं उसळून पुढं आलं. पापणी लवते तेवढ्यात. चाबूक फटकारतो तसं? हा, चाबकाचं मला सांगू नका, मी बैल हाकलेत. हातातली मूठ एवढीशी हलते, पण वादीच्या टोकाला जो फटका बसतो — हं. म्हंजे अंग ती मूठ, डोकं ते टोक, आणि मधली वादी म्हंजे मान. हे पटण्यासारखं हाय. हाड मोडत नाय, पण आतलं मांस, शिरा, सांधे बांधून ठेवणारे दोर, ते ताणतात, चिरतात, आणि ते एक्सरेत दिसत नाय, एक्सरेत हाडच दिसतं. आणि सूज सावकाश चढते म्हून दुखणं मागनं येतं. झोडणीच्या दिवसांत आमचंबी असंच होतं. भात झोडतो त्या दिवशी माणूस गाणी म्हणतो, अंग खरं बोलतं ते पुढच्या सकाळी. पटलं मला. पण मला आधी सांगायचं ना. शहापूरला आमचा न्हावी हाय, दाढी झाली की हनुवटीला धरून एक झटका देतो, कट्ट करून मान मोकळी. नायतर आमची गुणाबाई हायच की. पायाळू हाय ती, पायाकडनं जन्मली, उसण भरलेली माणसं कुठनं कुठनं येतात तिच्याकडं, तिनं पाय लावला की — अहो, मागं काय सरकता? मी नाय हात लावत. डॉक्टरनं नाय सांगितलंय? झटका कोणी द्यायचा नाय, मान मोडून घ्यायची नाय, डोक्यावर ओझं नाय. शेकायचं, आणि आपली आपण हळूहळू हलवायची. पट्टापण आता सारखा घालायचा नाय, नायतर मान आळशी होते, प्रवासात धक्के बसतात तेवढ्यापुरता. मानाचीबी सवय लागते म्हणा माणसाला, पट्ट्याची पण लागते. आणि हा हात? मुंग्या येतात? बोटांपर्यंत? डॉक्टर म्हणाला उतरेल. उतरेल म्हणाला का उतरायला लागलं म्हणाला? कारण आवणीला तुमाला ह्याच हातात रोपांची जुडी धरायची हाय, वाकून, दिवसभर. नाय उतरलं तर? —हं. समोर बगताय. तुमी समोर बगता ते गर्वानं बगत नाय, एवढं कळलं मला.

पण गोमाशेट, एक गोष्ट अजून गळ्याखाली उतरत नाय. एवढं साधं होतं तर झाकलं का? मांडवात एक शब्द बोलला असतात, मार लागलाय, मान वाकत नाय — लडकूदादानं तुमाला खुर्चीवर बसवून टोपी घातली असती, वर पाठीवरनं हात फिरवला असता. माणूस दुखणं झाकत नाय. दुखणं झाकतो तेव्हा त्या दुखण्याच्या मागं दुसरं कायतरी उभं असतं. हे मी नाय म्हणत, आमचा बाप म्हणायचा. म्हून इचारतो, अपघात झाला कुठं? कल्याण-मुरबाड रस्त्याला, रायत्याच्या पुलाच्या अलीकडं. कल्याणला काय काढलं होतं तुमी? —साडी. अक्षदाची साखरपुड्याची साडी. म्हंजे आमची सकू, गुणाबाई, साईनाथ, सगळी तुमाला कल्याणला भेटली होती, त्या दिवशी? बायका साडी घेऊन टेम्पोनं परत आल्या. तुमच्या घरच्या एसटीनं पुढं गेल्या. आणि तुमी एका लुगड्याचा काठ विटका निघाला म्हून बदलायला मागं राहिलात, हे मला सकूनं सांगितलंय. आणि साईनाथ म्हणाला होता, मामांना मी व्हॅननं सोडतो. धनेशची व्हॅन मागून आणली होती त्यानं.

निळी व्हॅन. बरोबर? ती निळी व्हॅन शहापूरला गॅरेजात पडलीय, पाठ चेपून. मी माझ्या डोळ्यांनी बगितली. धनेश आमच्या साईनाथचा दोस्त, लहानपणापासून आमच्या ओटीवर पडीक, त्याला इचारलं तर म्हणाला, काका, उभी होती, कोणीतरी ठोकून गेला. आणि तेव्हापासनं तो आमच्या ओटीवर फिरकत नाय, मी समोरनं आलो तर वाट बदलतो. मला तेव्हाच संशय — चौकसपणानं म्हटलं मी, कायतरी मुरतंय. म्हंजे गाडी धनेश चालवत होता. आणि तुमी, जावयाचा दोस्त म्हून त्याला पोटात घातलंत. असंच ना? —नाय. थांबा. नाय जमत. त्या दिवशी दुपारभर धनेश मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर माझ्यासमोर पत्ते कुटत बसला होता. मीच त्याला इचारलं, अरे तुझी गाडी कल्याणला गेली आणि तू इथं? तर म्हणाला, ड्रायव्हर दिलाय. कुठला ड्रायव्हर? गोमाशेट, गाडीत तुमच्या बाजूला कोण बसला होता? —ड्रायव्हर होता म्हणता. त्याचं नाव? माहीत नाय. कल्याणपासनं एका गाडीत बसलात, मागनं टेम्पो बसला, दोघं मरता मरता वाचलात, आणि नाव माहीत नाय. माझ्याकडं बगा. नाय, वळू नका, मीच येतो समोर.

साईनाथ चालवत होता.

नका बोलू, तुमच्या तोंडावर दिसलं. साईनाथ. आणि हा वास — आता आठवला मला हा वास. साईनाथच्या हाताला येतो. शुक्रवारी त्याच्या कंपनीची सुट्टी असते, आणि साडी घेतल्यापासनं दर शुक्रवारी ह्याचा ओव्हरटाइम. सकाळी जातो, अंधार पडल्यावर येतो. कंपनी बंद आणि ओव्हरटाइम चालू, हे मी ऐकून घेईन? झोपला होता तेव्हा मी त्याच्या हाताचा वास घेतला. होय, घेतला, बाप हाय मी. मला वाटलं बाहेर कोणी बाई हाय, तिचं तेल, तिचं अत्तर. सकूलाबी बोललो नाय, आतल्या आत जळत होतो. आणि ते मलम होतं. तुमच्या मानेचं. तुमच्याकडं येत होता तो? डॉक्टरकडं नेत होता? आणि स्वतः लावत होता मलम? घरात मला पाण्याचा तांब्या उचलून देत नाय तो. पण गाडी त्यानं घेतलीच कशी हातात? त्याला गाडी कुठं येते नीट, तो तर क्लीन —

पाणी घ्या अजून. संपलं? सकू — नाय, राहू दे, ती दाराआडच उभी हाय, तिनं ऐकलंच असंल. तुमीबी ऐकलंत. आता बोललोच हाय. क्लीनर हाय तो. मी तुमाला पयल्या बैठकीला काय सांगितलं? पोरगा गाडीवर हाय. ते खोटं नाय. आसनगावच्या कंपनीचा टेम्पो हाय, त्या टेम्पोवर तो जातो, ड्रायव्हरच्या बाजूला बसून. आमच्याकडं ड्रायव्हर असला तरी गाडीवर हाय म्हणतात आणि क्लीनर असला तरी गाडीवरच हाय म्हणतात. मंग तुमी इचारलंत, ड्रायव्हर? मी तोंडानं होय म्हटलं नाय, देवाशप्पथ सांगतो. मी मान हलवली. होय म्हून नाय, नाय म्हून नाय, आपली हलवली, नंदीबैल हलवतो तशी. तुमी त्याचा होय धरलात. तुमी होय धरलात ते मला कळलं होतं, गोमाशेट, आणि मी धरू दिला. म्हटलं आज ना उद्या लायसन काढेलच, खोटं ते खरं होऊन जाईल. आणि ह्या माझ्या एवढ्याशा मान हलवण्यावर तुमी त्याच्या बाजूला जाऊन बसलात. मामा बसलेत म्हून त्यानं जोर दाखवला असंल. होय ना? —कुत्रं आडवं आलं. आणि हा भर रस्त्यात दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. मागचा टेम्पोवाला काय करणार मंग?

तो क्लीनर हाय हे तुमाला कळलं कधी? तिथंच? त्यानंच सांगितलं, पुलाजवळ बसून? रडला? माझा साईनाथ रडला. लहानपणी विंचू चावला तेव्हा नव्हता रडला तो. आणि म्हणाला बाबांना सांगू नका, आणि तुमाला नाय म्हणवलं नाय. एवढी मान चिरलेली घेऊन साखरपुड्याला उभे राहिलात, टोपी घालून घेतलीत, गावाचे टोमणे घेतलेत, आज बोलावलं तर उन्हातनं आलात, आणि मघापासनं मी गर्व म्हणतोय, लकवा म्हणतोय, तुमच्या रक्तावर गेलो, तरी तुमच्या तोंडातनं त्याचं नाव निघालं नाय. मी मानासाठी भांडत होतो आणि तुमी मान धरून माझ्या पोराला सांभाळत होतात. लाज वाटते मला. आणि मी तुमाला उचललं. हात लावून थांबवलंत तुमी मला, तरी ओढलं, उचललं आणि हलवलं, वाजंत्री लावून. डोळ्यांत पाणी आलं तुमच्या, आणि मला तेव्हा बरं वाटलं होतं हो. जीव गेला असंल तुमचा. तुमी नुसते उभे राहिलात. मुंग्या कधीपासनं येतात हाताला? त्या दिवसापासनं, का आधीपासनं? —खरं सांगा. नका सांगू. कळलं मला.

लडकूदादाला मी सांगतो. आज सांगतो, त्याच्या दारात जाऊन, टोपीचं, डाव्या बाजूचं, सगळं. साईनाथ क्लीनर हाय हेबी सांगतो. गावाला सांगायची गरज नाय, गुणाबाईला सांगितलं की गावाला पोचतं. पण निरोप धाडला तेव्हा मी ठरवून बसलो होतो, आज ही सोयरीक मोडायची. चहा दिला नाय तो त्यासाठीच. मोडायचा हक्क माझा, असं मला वाटत होतं. आता तो तुमचा हाय. क्लीनरच्या घरात पोरगी द्यायची का, असल्या बापाच्या घरात द्यायची का, ते तुमी ठरवा, मी एका शब्दानं अडवणार नाय. आल्यापासनं तुमाला तोंड उघडू दिलं नाय, मीच इचारतोय आणि मीच उत्तर देतोय. आता एकदाच इचारतो आणि गप बसतो. अक्षदा देता का आमाला?

—नाय, नाय, मान नका हलवू. तोंडानं सांगा.